वाहनावरील विंच व तिचे बिनतारी नियंत्रण

चिखलात चाके रुतली, नदी ओलांडताना गाडी वाळूत बसली किंवा घाटाच्या रस्त्यावर झाड आडवे पडले, म्हणजे ज्या यंत्राची प्रथम आठवण होते ते यंत्र म्हणजे विंच होय. विंच हा मुळात आपला ओळखीचा रहाटच आहे. रहाटावर दोर गुंडाळला जातो आणि घागर वर येते. विंचेच्या ड्रमवर दोर गुंडाळला जातो आणि रुतलेली गाडी पुढे सरकते. फरक इतकाच की रहाट फिरविणाऱ्या हाताचे काम येथे विजेची मोटर करते. शिवाय दोराचे दुसरे टोक भक्कम झाडाला बांधलेले असल्यामुळे विंच झाडाला ओढून आणीत नाही, तर स्वतःच आपल्या गाडीसह झाडाकडे ओढली जाते.

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाड्यांवर ज्या विंचा असत, त्यांपैकी पुष्कळ विंचांना शक्ती मिळे ती गाडीच्या इंजिनापासून, दांड्यांच्या व दंतचक्रांच्या द्वारे. इंजिन बंद पडले की विंचही निरुपयोगी होई. अमेरिकेतील वॉर्न या कंपनीने १९५९ साली खाजगी गाड्यांना बसविता येईल अशी, बॅटरीवर चालणारी विंच बाजारात आणली, आणि त्यानंतर विजेच्या विंचेचा प्रसार झपाट्याने झाला. भारतात जंगलात व डोंगराळ भागात फिरणाऱ्या चारही चाकांना गती देणाऱ्या गाड्यांवर ती दिसते. गोव्यात २०१४ साली प्रथम भरलेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या पावसाळी स्पर्धेत तर गाडीच्या इंजिनाइतकाच विंचेचाही कस लागतो.

या विंचेबरोबर हातात धरावयाचे एक नियंत्रक मिळते. त्यावर दोर आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची अशी दोन बटने असतात, आणि ते बहुधा साडेतीन मीटरांच्या आसपास लांब असलेल्या तारेने विंचेला जोडावे लागते. अडचण येथेच उत्पन्न होते. तार जेवढी लांब, तेवढ्याच अंतरावर चालकाला उभे राहावे लागते; म्हणजे ताणलेल्या दोराच्या अगदी जवळ.

हे जवळ असणे किती धोक्याचे आहे हे एका साध्या हिशेबावरून समजेल. वीस मीटर लांबीचा पोलादी दोर चार टन वजनाइतक्या, म्हणजे सुमारे ४०,००० न्यूटनच्या ओढीखाली पंचवीस सेंटिमीटर ताणला गेला असे धरू. ताणलेल्या दोरात साठणारी ऊर्जा ही ओढ व ताण यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. तेव्हा ती भरते ५,००० जूल. पन्नास किलोग्रॅमचे पोते दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकले, तर ते जमिनीवर जेवढ्या ऊर्जेनिशी आदळेल तेवढी ही ऊर्जा आहे. दोर तुटला किंवा आकडा निसटला तर ती सारी क्षणार्धात मोकळी होते आणि दोर चाबकासारखा मागे येतो. कृत्रिम धाग्यांचे दोर हलके असल्यामुळे त्यांचा तडाखा कमी असतो. पण दोर हलका असला तरी त्याच्या टोकाचा लोखंडी आकडा हलका नसतो.

तारेचे बंधन तोडून चालकाला दूर उभे राहता यावे, यासाठी विंचेला मागाहून बिनतारी नियंत्रण, म्हणजे व्यवहारात ज्यास ‘वायरलेस रिमोट’ म्हणतात ते, बसविण्याचा प्रघात पडला आहे. हे काम अवघड नाही. गाडीच्या विजेचे काम जाणणारा कारागीर ते दोन-तीन तासांत करू शकतो. मात्र एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे. रिमोटमुळे माणूस दोरापासून दूर जातो हे खरे. पण त्याचबरोबर विंच थांबविण्याची साधनेही माणसापासून दूर जातात. म्हणून जोडणी करताना ‘विंच सुरू कशी होईल’ या प्रश्नापेक्षा ‘ती थांबेल कशी’ या प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

अंकुश आणि हत्ती

सुमारे ४,३०० किलोग्रॅम ओढीची, १२ व्होल्टची विंच पूर्ण भाराखाली ४०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह घेते. ४०० ला १२ ने गुणले असता ४,८०० वॅट, म्हणजे जवळजवळ साडेसहा अश्वशक्ती येते. घरातील पंख्याला किंवा दिव्याला लागणारा प्रवाह एका अँपिअरच्या अंशाने मोजतात. येथील प्रवाह त्याच्या हजारपटीच्या घरात जातो. तो वाहून नेणाऱ्या तारा अंगठ्याएवढ्या जाड असतात. असला प्रवाह हातातल्या बटनातून जाऊ देणे शक्यच नाही, बटन वितळेल.

म्हणून बटन आणि मोटर यांच्यामध्ये सोलेनॉइड घातलेला असतो. तारेच्या वेटोळ्यातून लहानसा प्रवाह सोडला की वेटोळे चुंबक बनते, आतील लोखंडी दांडा ओढून घेते, आणि त्या दांड्याच्या टोकाची तांब्याची जाड पट्टी दोन मोठे खिळे एकमेकांस जोडते. वेटोळ्याचे काम अँपिअर-दोन अँपिअर प्रवाहात भागते. पट्टीमधून शेकडो अँपिअर वाहतात. महाताच्या हातातील अंकुश आणि हत्ती यांचे जे नाते, तेच या दोन प्रवाहांचे होय. जुन्या धर्तीच्या विंचांत असे चार सोलेनॉइड असतात व ते जोडीजोडीने काम करतात. एका जोडीने मोटर सुलट फिरते, दुसऱ्या जोडीने उलट. नव्या विंचांत या चारांचे काम एकाच बंदिस्त पेटीत केलेले आढळते. ड्रमच्या एका फेरीसाठी मोटर दीडशे ते तीनशे फेऱ्या घेते. मध्ये जी दंतचक्रे असतात त्यांनी वेग घटतो आणि जोर वाढतो.

यावरून बिनतारी संचाचे स्थान स्पष्ट होईल. त्याचा मोठ्या प्रवाहाशी काहीच संबंध नाही. तो केवळ अंकुश धरणाऱ्या हाताची जागा घेतो. संचातील ग्राहक-पेटीत दोन छोटे रिले असतात. रिले हा सोलेनॉइडचाच धाकटा भाऊ म्हणावा. हे रिले सोलेनॉइडच्या वेटोळ्यांना १२ व्होल्ट पुरवितात, आणि पुढचे सारे पूर्वीप्रमाणेच घडते. बाजारात या संचांवर ‘अमुक टनांच्या विंचेसाठी’ असे छापलेले असते, त्याला फारसा अर्थ नाही. विंच दोन टनांची असो की सहा टनांची, वेटोळ्याला लागणारा प्रवाह साधारण तेवढाच असतो.

हवेतून जाणारी आज्ञा

तारेवाचून दूरची वस्तू हलविण्याचे प्रयोग जुने आहेत. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कलकत्त्यास विद्युत्‌चुंबकीय तरंगांच्या साहाय्याने भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे पाण्याच्या हौदात एक लहानशी नाव दुरून चालवून प्रेक्षकांना चकित केले. विंचेचा रिमोट हा त्याच घराण्यातला आहे.

हातातील प्रेषक बटन दाबताच विशिष्ट कंप्रतेचे तरंग सोडतो. पुष्कळशा संचांत ही कंप्रता ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ असते. काहींत ३१५ मेगाहर्ट्‌झ, तर काहींत २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासची असते. प्रकाशाच्या वेगाला कंप्रतेने भागले म्हणजे तरंगलांबी मिळते. ४३३.९२ मेगाहर्ट्‌झसाठी ती सुमारे ६९ सेंटिमीटर येते, आणि तिचा चौथा हिस्सा १७ सेंटिमीटरांहून किंचित अधिक. ग्राहक-पेटीतून बाहेर लोंबणारी एक वीतभर लांब, कशालाच न जोडलेली तार दिसते, ती नेमकी एवढ्याच लांबीची का, याचे उत्तर या भागाकारात आहे. ती तार संचाचा कान आहे. ‘उगाच लोंबते’ म्हणून ती कापून टाकणारे किंवा गुंडाळून लोखंडी पेटीत कोंबणारे कारागीर काही थोडे नाहीत; आणि मग रिमोट दहा पावलांपलीकडे चालत नाही अशी तक्रार येते. धातूच्या बंद पेटीत तरंग शिरत नाहीत. ती तार पत्र्यापासून दूर व शक्य तर सरळ ठेवावी.

शेजारच्या गाडीच्या रिमोटने आपली विंच सुरू होऊ नये, यासाठी आज्ञेबरोबर एक सांकेतिक क्रमांकही धाडला जातो. स्वस्त संचांत हा क्रमांक बहुधा वीस द्विमान अंकांचा असतो, म्हणजे त्याचे दहा लाखांहून थोडे अधिक प्रकार होऊ शकतात. काही हलक्या प्रतीच्या संचांत मात्र क्रमांक कारखान्यातच एकसारखा ठेवलेला आढळतो. एकाच दुकानातून दोघा मित्रांनी संच घेतले असतील, तर परस्परांच्या रिमोटने एकमेकांच्या विंचा सुरू होतात की काय, हे आधीच पाहून घ्यावे.

याहूनही महत्त्वाची आणखी एक बाब आहे. दारे, दिवे, पाण्याचे पंप अशा अनेक कामांसाठी बनविलेली ग्राहक-मंडले विंचेलाही लावली जातात. त्यांना तीन प्रकारांनी वागविता येते. पहिल्या प्रकारात बटन दाबून धरले असेल तोपर्यंतच रिले जोडलेला राहतो. दुसऱ्यात एकदा दाबले की जोडला जातो, पुन्हा दाबले की सुटतो. तिसऱ्यात एक बटन जोडते व दुसरे सोडविते. विंचेला पहिला प्रकारच चालतो, दुसरा व तिसरा कदापि चालत नाही. पहिल्या प्रकारात चालक घसरून पडला, रिमोट हातातून निसटला किंवा त्यातील घट संपला, तरी तरंग थांबतात आणि विंचही थांबते. उरलेल्या दोन प्रकारांत मात्र ती ओढीतच राहते, आणि थांबविणारी आज्ञा पोहोचेलच याची शाश्वती नसते.

जोडणी

काम हाती घेण्यापूर्वी बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवावी. आधी धन टोक सोडवू गेल्यास पान्हा गाडीच्या पत्र्याला टेकून जबर ठिणगी पडण्याचा संभव असतो.

तारेच्या नियंत्रकासाठी विंचेच्या पेटीवर जो सॉकेट असतो, त्याच्या मागे मुख्यतः तीन तारा असतात. एकीतून १२ व्होल्ट बटनाकडे येतात. उरलेल्या दोन, ‘आत’ व ‘बाहेर’ या आज्ञा वेटोळ्यांकडे नेतात. ग्राहक-पेटीला चार तारा लागतात: धन, ऋण आणि या दोन आज्ञा. तारांच्या रंगांवर विसंबू नये. प्रत्येक उत्पादकाची रंगांची रीत निराळी असते. आकडा कशालाही न अडकविता, आणि ड्रमचा क्लच सोडून ठेवून, बॅटरी तात्पुरती जोडावी व चाचणी-दिव्याने कोणती तार कोणती हे शोधून काढावे. क्लच सुटलेला असला म्हणजे मोटर फिरते पण ड्रम स्थिर राहतो. तारांना चिठ्ठ्या बांधून ठेवाव्यात. ग्राहकाच्या आज्ञेच्या तारा सॉकेटमागील त्याच दोन तारांना जोडाव्यात, म्हणजे तारेचे जुने नियंत्रकही पूर्ववत चालू राहील. ते काढून टाकू नये.

ज्या आधुनिक विंचांत साध्या तारांऐवजी इलेक्ट्रॉनिक मंडलांमार्फत आज्ञा जातात, त्यांना ही जोडणी लागू पडत नाही. तेथे उत्पादकाचाच संच घ्यावा. ट्रकवरील २४ व्होल्टच्या विंचेला १२ व्होल्टचा संच लावला तर तो लगेच जळेल, हे वेगळे सांगावयास नको.

ग्राहकाच्या धन तारेत दोन वस्तू अवश्य घालाव्यात. एक फ्यूज, वेटोळ्याच्या प्रवाहाहून थोड्या अधिक क्षमतेचा आणि बॅटरीच्या जितका जवळ बसविता येईल तितका. दुसरी, बैठकीजवळ एक लहान स्विच. ग्राहक स्वस्थ असतानाही थोडा प्रवाह घेतच असतो. तो २० मिलिअँपिअर धरला तर महिन्याकाठी सुमारे १४ अँपिअर-तास खर्च होतात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी असलेली गाडी दोन-तीन महिने उभी राहिली, तर एवढ्यानेच ती निकामी व्हावयाची. शिवाय स्विच बंद असला म्हणजे खिशातील किल्ल्यांच्या जुडग्याने बटन दाबले जाऊन विंच अवचित सुरू होण्याची भीती राहत नाही. गंमत अशी की हा चार पैशांचा स्विच वाचविण्याकडेच बहुतेकांचा कल असतो.

सोलेनॉइडच्या वेटोळ्यातील प्रवाह तोडताच त्यातील चुंबकत्व नाहीसे होते, आणि लेंझच्या नियमानुसार वेटोळ्यात उलट्या दिशेचा मोठा दाब क्षणभर उत्पन्न होतो. या दाबाने ग्राहकातील छोट्या रिलेच्या संपर्कांत ठिणगी उडते व ते हळूहळू जळतात. वेटोळ्याच्या दोन टोकांमध्ये एक डायोड जोडला, त्याची पट्टीची बाजू धन टोकाकडे ठेवली, म्हणजे हा दाब वेटोळ्यातच जिरून जातो. डायोड उलटा बसला तर मात्र आज्ञा देताच फ्यूज उडेल.

बटन सोडल्यावर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बटन सोडले, तरंग थांबले, ग्राहकातील रिले सुटला. तरीही विंच ओढीतच आहे, असे होऊ शकते काय? होऊ शकते. आणि ते बहुधा बिनतारी संचामुळे होत नाही, तर सोलेनॉइडमुळे होते.

बॅटरी अशक्त असली, किंवा इंजिन बंद ठेवून बराच वेळ विंच चालविली, की भाराखाली बॅटरीचा दाब १२ व्होल्टांवरून खाली घसरू लागतो. गाडीचा जनित्र शंभर अँपिअरच्या आसपास देतो. उरलेले सारे बॅटरीनेच पुरवायचे असतात. दाब पुरेसा उतरला की सोलेनॉइडच्या वेटोळ्याला पट्टी धरून ठेवणे जड जाते. पट्टी सुटते, सुटताच भार जातो आणि दाब वर येतो, दाब वर येताच पट्टी पुन्हा चिकटते. हा खडखडाट सेकंदातून अनेक वेळा होतो, आणि प्रत्येक वेळी शेकडो अँपिअरांची ठिणगी तांबे वितळविते. शेवटी पट्टी खिळ्यांना डाग दिल्यासारखी सांधली जाते. त्यानंतर वेटोळ्यात प्रवाह असो वा नसो, मोटर फिरतच राहते.

अशा वेळी चालकाने काय करावे? इंजिन बंद करून उपयोग नाही, कारण विंच बॅटरीवर चालते. ग्राहकाचा स्विच बंद करून उपयोग नाही, कारण बिघाड त्याच्या पुढे आहे. क्लच सोडविण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. भाराखाली तो सहसा सुटत नाही आणि सुटलाच तर गाडी मोकाट सुटते. बॅटरीची तार पान्ह्याने सोडवू जावे, तर ४०० अँपिअरांचा प्रवाह तुटताना उडणारी ठिणगी नेमकी बॅटरीपाशी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो.

यावर उपाय एकच, आणि तो आधी करून ठेवावा लागतो: बॅटरी आणि विंच यांच्यामधील जाड तारेत मुख्य तोडकळ बसविणे. ती विंचेच्या पूर्ण प्रवाहाला पुरेल अशीच हवी. तिची जागा दोराच्या रेषेत, म्हणजे गाडीच्या नाकावर नसावी. ती बैठकीतून हात पोहोचेल अशी, किंवा बाजूच्या पत्र्यावर असावी. तोडकळ फिरविली की मोटर थांबते आणि विंचेतील यांत्रिक ब्रेक भार जागच्या जागी धरून ठेवतो. रिमोट चालविणारा माणूस पंधरा मीटरांवर उभा असेल, तर तोडकळीपाशी दुसरा माणूस हवा. एकट्याने काम करावयाचे झाल्यास बैठकीत बसून, बॉनेट उघडे ठेवून त्याची ढाल करून रिमोट चालविणे अधिक बरे. दूर उभे राहण्याचा निकष मात्र सोपा आहे: ताणलेला दोर जेवढा लांब, निदान तेवढे अंतर त्याच्या दोन्ही टोकांपासून राखावे आणि दोराच्या रेषेत कधीही उभे राहू नये. दोराच्या मध्यावर जड गोणपाट किंवा ओले घोंगडे टाकण्याची जुनी पद्धत आजही तितकीच उपयुक्त आहे.

खडखडाट मुळातच होऊ नये म्हणून विंच चालविताना इंजिन चालू ठेवावे आणि जाड तारांची टोके स्वच्छ व घट्ट ठेवावीत. एखाद्या सांध्यात ओहमचा केवळ शंभरावा भाग रोध असला, तरी ४०० अँपिअर प्रवाहाला तेथे चार व्होल्ट खर्ची पडतात आणि १,६०० वॅटची उष्णता उत्पन्न होते. ही एका मोठ्या विजेच्या शेगडीची उष्णता झाली. मोटरही तापते. तारेचे नियंत्रक घेऊन जवळ उभ्या असलेल्या माणसाला तिचा बदललेला आवाज ऐकू येई, जळका वास येई. दूर उभ्या असलेल्याला यातले काही कळत नाही. म्हणून मिनिटभर ओढल्यावर थांबून, ओढ सैल करून, मोटरला हात लावून पाहावा. हात टेकवेनासा झाला असेल तर तिला निवू द्यावे.

जोडणी पुरी झाल्यावर पहिली चाचणी क्लच सोडून घ्यावी. दोन्ही बटने एकदम दाबून पाहावीत; चांगला संच अशा वेळी एकही आज्ञा देत नाही. दिला तर मोटर उलट-सुलट फिरविणाऱ्या दोन्ही जोड्या एकदम लागून बॅटरीचा प्रवाह भलत्याच वाटेने धावतो. बटन दाबून धरले असता प्रेषकातील घट काढून पाहावा. मोटर तत्काळ थांबली पाहिजे. मग ‘आत’ म्हटले असता दोर खरोखरच आत येतो ना, हे क्लच लावून अर्धा मीटर दोरावर पडताळावे. या चाचण्या कोरड्या अंगणातच आटोपाव्यात.

कायद्याचाही विचार करणे जरूर आहे. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवान्यावाचून मोकळा करण्यात आला. इतर पट्ट्यांचे नियम वेगळे आहेत, आणि परदेशी बाजारासाठी बनविलेला प्रत्येक संच येथे चालतोच असे नाही. खरेदीपूर्वी त्यास भारतातील मान्यता आहे किंवा नाही हे विक्रेत्याला विचारावे. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध घातले आहेत, आणि पुढे लावावयाच्या लोखंडी बुलबारवर केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली आहे. विंच बहुधा अशाच लोखंडी सांगाड्यावर बसते. म्हणून सार्वजनिक रस्त्यावरील गाडीला ती लावण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

काम आटोपल्यावर ग्राहकाचा स्विच आणि मुख्य तोडकळ दोन्ही बंद कराव्यात. तारेचे नियंत्रक पुसून अवजारांच्या पेटीत ठेवावे. रिमोटचा घट पावसाळ्याच्या आरंभी बदलावा आणि एक जादा घट त्याच पेटीत, मेणकापडात गुंडाळून ठेवावा.